चाक निघालं, चेअरमन निघाले

"बाबा, शर्यत जास्त वेळ चालते की तुमचं चाक बदलणं?"

प्रश्न भिंगरीने विचारला असला तरी तो तिच्या डोक्यातला नव्हता. तो तिच्या टोळीचा होता. टोळी म्हणजे वर्गातल्या तिघी मैत्रिणी, आणि त्या या क्षणी दाराबाहेर जिन्यात एकमेकींची तोंडं दाबून उभ्या होत्या. "बाबांना तोंडावर विचारून दाखव, मग तुला मानलं," असं आव्हान होतं. आणि वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून भिंगरीला असा शोध लागला होता की आपण कुणालाही काहीही विचारू शकतो, फक्त शेवटचा शब्द जरा ठासून म्हणायचा.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकून आईने मान वर केली. बाबा विमा कचेरीत अपघाताचे दावे तपासत. एखादा दावा पार निकालात काढायचा असला की ते आधी "प्रश्न चांगला आहे" असं म्हणत.

सोमवार ते शुक्रवार लोकांनी वाहनं किती सांभाळून चालवावीत हे समजावून सांगणारे बाबा सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर मोटरसायकलची शर्यत खेळत. त्या मोटरसायकलला दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही, हॉर्न तर नाहीच नाही. ती रस्त्यावर चालवायची नसते, टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची आणि टेम्पोत घालून परत आणायची. तिला चाकांच्या दोन जोड्या. कोरड्या ट्रॅकसाठी गुळगुळीत टायरची एक, ओल्यासाठी खाचा असलेल्या टायरची दुसरी. ऐन वेळी पाऊस आला की क्लबवाले भोंगा वाजवतात, चाकं बदलायला थोडा अवधी देतात आणि मग आडवी दोरी ओढून ट्रॅकचं फाटक बंद करतात. जो आत गेला तो शर्यतीत. जो बाहेर राहिला तो प्रेक्षकांत.

मागच्या वेळी बाबा दोन्ही चाकं बदलून, हातमोजे चढवून, मोठ्या रुबाबात फाटकाशी पोहोचले तेव्हा आत बक्षीस समारंभ चालू होता. त्यांनी हेल्मेट न काढताच टाळ्या वाजवल्या. क्लबचा सेक्रेटरी फार सभ्य माणूस. त्याने बाबांना बाजूला घेऊन इतकंच सांगितलं, की रांगेत बरीच तरुण मंडळी उभी आहेत, आणि आणखी एकदा फाटकाबाहेर राहिलात तर तुमची जागा त्यांच्यातल्या कुणालातरी द्यावी लागेल. हंगामातली एकच शर्यत उरली होती. म्हणजे बाबांची एकच संधी उरली होती.

"तर उत्तर द्या ना," आई शांतपणे म्हणाली. "पोरगी विचारतेय."

"उत्तर मी ट्रॅकवर देईन," बाबा उभे राहून म्हणाले. "आजपासून चाक बदलण्याची मोहीम सुरू."

"आणि मागचं चाक मी बदलणार!" भिंगरी म्हणाली. शेवटचा शब्द तिने इतका ठासला की तो जिन्यातही स्वच्छ ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत तो अख्ख्या शाळेला ऐकू गेला होता. गणिताच्या बाईंनीसुद्धा विचारलं, "कधी आहे गं तुमचं ते चाक?" आता माघार घेणं शक्य नव्हतं. बाबांची जागा आणि भिंगरीची अब्रू, दोन्ही एकाच ॲक्सलवर बसली होती.

ॲक्सल म्हणजे चाकातून आरपार जाणारा लोखंडी दांडा. दिसायला गरीब. पण तो बाहेर ओढला की चाक, चेन, ब्रेकचे पॅड धरणारा कॅलिपर आणि चाकाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या आखूड नळीसारख्या कड्या असं सगळं एकत्र कुटुंब एकदम विभक्त होतं आणि जो तो आपापल्या वाटेने चालू लागतो. कॅलिपर लटकतो. चेन रुसून खाली बसते. आणि त्या कड्या, ज्यांना स्पेसर म्हणतात, त्या तर पळूनच जातात. नवं चाक बसवताना या सगळ्यांना गोळा करून, समजूत घालून पुन्हा एका रेषेत उभं करायचं आणि त्यांचा विचार बदलायच्या आत दांडा आरपार घालायचा. वर्गाचा फोटो काढणाऱ्या माणसाला हे दुःख कळेल.

पहिला सराव इमारतीखालच्या पार्किंगमध्ये झाला. बाबांनी ॲक्सल ओढला, स्पेसर निसटला आणि टुणटुण उड्या मारत तळमजल्यावरच्या सरांच्या स्कूटरखाली गेला. सर निवृत्त मुख्याध्यापक होते. ते खिडकीतूनच म्हणाले, "आधी निरीक्षण, मग कृती. डावा कुठला, उजवा कुठला हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? रंग द्या. डावा लाल, उजवा निळा."

बाबांनी रंग दिला. चांगले दोन-दोन हात दिले. रंग वाळल्यावर स्पेसर इतके जाड झाले की चाकात शिरेनात. लाल कसाबसा ठोकून बसवला तर निळा अडकला, आणि मग दोघांचा रंग खरवडण्यात अख्खी संध्याकाळ गेली. सर म्हणाले, "मी पातळ हात म्हणालो होतो." ते तसं अजिबात म्हणाले नव्हते.

समोरच्या शिवणकामवाल्या काकूंचा सल्ला वेगळाच होता. "अहो भाऊजी, हात दोनच असतात. मी टाके घालताना टाचण्या तोंडात धरते. तुम्ही नट दातात धरा." बाबांनी धरला. नेमकी त्याच वेळी आई कामावरून आली. आई एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला होती, आणि हे डॉक्टर म्हणजे बाबांचे ट्रॅकवरचे कट्टर प्रतिस्पर्धी. त्यांच्याकडे दोन मेकॅनिक, एकसारखे शर्ट आणि डोक्यावर निळा तंबू. आईने बाबांच्या दातांतल्या नटाकडे बराच वेळ पाहिलं.

"त्यांना सांगू नकोस," बाबा नटासकट म्हणाले.

"मी कुणाला काही सांगत नाही," आई म्हणाली. "एकाबरोबर राहते, दुसऱ्याकडे काम करते. मला दोन्हीकडे जायचं असतं."

मग डिंकाचा प्रयोग झाला. स्पेसर चाकाला चिकटवून टाकला की पळणार कसा, असा साधा हिशेब. डिंक जाहिरातीत म्हटलं होतं त्याहून चांगला निघाला. सोमवारी बाबा अंगठ्यात स्पेसर घालून कचेरीत गेले. साहेबांनी बघितलं पण विचारलं नाही. विमा कचेरीत असलं काही विचारत नाहीत, विचारलं की दावा दाखल होतो.

शेवटी भिंगरीनेच बाबांना लेथवाल्याकडे ओढत नेलं. स्पेसरच्या कडेला बारीकसा ओठ ठेवला, तर तो चाकातल्या रबरी सीलमध्ये घट्ट बसतो आणि चाक काढलं तरी चाकाबरोबरच राहतो. हे तिने ट्रॅकवरच्या जुन्या मंडळींकडून ऐकलं होतं. लेथवाला म्हणाला, "सोपं काम आहे, डोळे झाकून करीन." बहुधा तसंच केलं असावं. कारण दोन्ही स्पेसर डाव्या बाजूचे निघाले.

"अहो, एक डावा, एक उजवा हवा होता!" बाबा म्हणाले.

"तुम्ही दोन म्हणालात, दोन केले."

"बुटांचा जोड घेताना तुम्ही दोन डावे घेता का?"

"बूट मी शिवत नाही," लेथवाला म्हणाला, आणि या उत्तराने त्याचंच इतकं समाधान झालं की उजवा त्याने लगेच करून दिला.

स्पेसर आता शहाण्यासारखे चाकात बसून राहू लागले, तसा बाबांचा उत्साह वाढला. चाकावरची ब्रेकची डिस्क दोन पॅडच्या मधे सरकताना अडखळते म्हणून त्यांनी ब्रेक पॅडच्या कडा कानशीने किंचित उतरत्या केल्या. ॲक्सलचं टोक निमुळतं करून घेतलं. चाक उचलून धरताना हात भरून येतात, तर बरोब्बर उंचीची एक तिरकी फळी खाली ठेवावी, चाक नुसतं ढकललं की भोकासमोर भोक, अशीही युक्ती काढली. फळी कुठून आली ते आईला रात्रीच्या जेवणाआधी कळलं.

"अहो, कपाटातला खण कुठे गेला? माझे सगळे कपडे तुमच्या सदऱ्यांवर येऊन पडलेत."

"तो आता खण नाही, रॅम्प आहे," बाबा म्हणाले.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग चेअरमन उतरले.

चेअरमन म्हणजे सोसायटीचे चेअरमन. राहायचे सगळ्यांत वरच्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघे कुरकुरणारे. तरीही ठोकाठोकीचा आवाज ऐकून ते चटक फटक, चटक फटक चपला वाजवत खाली आले, मागचं चाक नसलेल्या मोटरसायकलकडे त्यांनी पाहिलं आणि चष्मा पुसला.

"हे काय आहे?"

"गाडी," बाबा म्हणाले.

"गाडीला चाकं असतात. पार्किंगमध्ये फक्त वाहनं ठेवायची असा ठराव आहे. चाक काढलेलं वाहन हे वाहन नसून सामान आहे. आणि सामान ठेवायला सक्त मनाई आहे."

"अहो, पण चाक परत बसवलं की ती पुन्हा गाडीच होते ना?"

चेअरमननी विचार केला. अन्याय करणारा माणूस नव्हता तो. "होते," ते म्हणाले. "मी खाली येईन तेव्हा जे असेल ते धरलं जाईल. चाक असेल तर वाहन. नसेल तर सामान, आणि सामान उचलावं लागेल."

बाबांनी हा अपमान दोन दिवस मनात ठेवला. सामान! ज्या माणसाने हजारो वाहनांचे दावे तपासले त्याच्या वाहनाला सामान! भिंगरीने मात्र त्यात वेगळंच काहीतरी पाहिलं. तिने टोळीतल्या एकीला वरच्या मजल्याच्या जिन्यात बसवलं.

"बाबा, आपण ठोकाठोकी करायची. चेअरमनकाका उतरायला लागले की चाक काढायचं. ते खाली पोहोचायच्या आत नवं बसवायचं."

असा सराव जगात दुसरीकडे कुठे झाला नसेल. बाबा हातोडीने रिकाम्या डब्यावर दोन घाव घालत. वरून दार उघडल्याचा आवाज येई. "निघाले!" अशी आरोळी आली की भिंगरी ॲक्सल ओढायची. वरून चटक फटक, खालून खटाखट. पहिल्या दिवशी चेअरमन खाली आले, सामान पाहिलं, सरांच्या घरी चहा घेतला, परत वर गेले, तरी चाक बसलं नव्हतं. आठवडाभराने ते आले तेव्हा शेवटचा नट आवळायचा राहिला होता. "ही वाहन व्हायच्या बेतात आहे," असं त्यांनी कबूल केलं आणि सूट दिली. मग ते मधल्या मजल्यावर असतानाच चाक बसू लागलं. मग वरच्या वळणावर असताना. शेवटी शेवटी तर चेअरमन दारात दुसरी चप्पल शोधत असायचे तेवढ्यात भिंगरी हात पुसून मोकळी झालेली असायची. चेअरमन खाली येत, दोन्ही चाकं पाहत, "वाहन" म्हणत आणि वर जात. त्यांच्या गुडघ्यांना या व्यायामाने बराच उतार पडला, असं त्यांच्या सौ.नी आईला मुद्दाम येऊन सांगितलं.

"बाबा, एकदा पुढचं चाकपण करून बघूया ना," भिंगरी अधूनमधून म्हणायची.

"पुढच्याला काय आहे? ना चेन, ना काही. ते सोपं. ते मी बघतो," बाबा म्हणायचे.

इतकी सगळी अक्कल मागच्या चाकावर खर्च झाली, आणि पुढच्या चाकाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, कारण ते सोपं होतं.

शर्यतीच्या दिवशी निम्मी इमारत ट्रॅकवर हजर होती. टोळी, वर्गातल्या बाकीच्या मुली आणि गणिताच्या बाई सगळ्यांत पुढच्या रांगेत. सर दुर्बीण घेऊन आलेले, काकू विणकाम घेऊन. चेअरमन लोखंडी गॅलरीत सगळ्यांत वर छत्री मांडीवर धरून बसलेले, कारण उंचावरून सगळं नीट दिसतं ही त्यांची जन्माची समजूत. बाबा गुळगुळीत टायरवर तयार होते. शेजारच्या निळ्या तंबूतून डॉक्टरांनी हात हलवला. बाबांनी उत्तरादाखल तोंड मिटून हसून दाखवलं. डॉक्टरांसमोर ते कधी दात दाखवत नसत.

आणि पाऊस आला. फार नाही, ट्रॅक चकचकीत होण्यापुरता. भोंगा वाजला.

भिंगरी मागच्या चाकाशी बसली. नट सुटला. ॲक्सल निघाला. स्पेसर जागचे हलले नाहीत. सगळं ठरल्यासारखं होत होतं, आणि तरीही तिचे हात मंदावले. आजूबाजूला केवढा गोंगाट होता, पण तिच्या कानांना काहीतरी कमी पडत होतं. तिने ओल्या ट्रॅकचं चाक रॅम्पवर घेतलं, ते तिरकं बसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तिरकं. वर्गातल्या सगळ्या मुली, गणिताच्या बाई, फाटकाशी दोरी धरून उभा असलेला माणूस, सगळे एकदम तिच्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं. ढाल मिळाल्यापासून पहिल्यांदाच ती लोकांची नजर चुकवू लागली.

तिकडे वर गॅलरीत चेअरमननी चाक नसलेली मोटरसायकल पाहिली. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण पायांना सवय. ते उठले आणि लोखंडी पायऱ्या उतरू लागले.

चटक फटक. चटक फटक.

भिंगरीच्या कानात तो आवाज शिरला आणि तिथून थेट हातात उतरला. चाक रॅम्पवरून सरळ आत गेलं. डिस्क पॅडमध्ये अलगद सरकली, चेन चढली, दांडा या टोकाचा त्या टोकाला निघाला, नट आवळला गेला. पाना खाली ठेवून ती उठली. चेअरमन अजून अर्ध्या जिन्यात होते.

"झालं बाबा!" म्हणत ती वळली. बाबा पुढे गुडघे टेकून बसले होते. जुनं चाक बाहेर, नवं चाक हातात, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पुढच्या ब्रेकची लीव्हर घट्ट दाबून धरली होती. विचारात पडले की बाबांना काहीतरी दाबून धरावं लागे. कचेरीत ते स्टेपलर दाबत.

चाक बाहेर असताना ब्रेक दाबला की दोन्ही पॅड, मधे डिस्क नाही म्हणून, एकमेकांना गळामिठी मारतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत. डिस्कला आत जायला फट उरत नाही. हे बाबांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्यांचा चेहरा असा झाला होता.

"मी दाबलं गं," ते हळूच म्हणाले.

एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी भिंगरीला ते पाटी फुटलेल्या मुलासारखे दिसले. तिच्या मनात पहिल्या दिवशीचा प्रश्न आला आणि तो आपण जिन्यातल्या तिघींसाठी विचारला होता याची तिला जराशी लाज वाटली. फार वेळ नाही. वेळ नव्हताच.

"लीव्हर सोडा. हात मागे घ्या. गाडीवर बसायची तयारी करा."

तिने सपाट पेचकस घेतला, दोन पॅडच्या मधे घातला आणि घाई न करता, थोडं इकडे थोडं तिकडे करत, त्या दोघांना मागे सारलं. चाक आत. दांडा आरपार. नट. तिने लीव्हर स्वतः चार-पाचदा दाबून ब्रेक पुन्हा घट्ट केला, चाक हाताने फिरवून पाहिलं आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. "जा!"

चेअरमन धापा टाकत कठड्याशी पोहोचले. "हे सामा..." त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांच्या नाकासमोरून दोन्ही चाकांसकट वाहन निघून गेलं.

फाटकावरच्या माणसाने दोरी अर्धी ओढली होती. बाबा तिच्याखालून मान वाकवून आत गेले. टोळीने असा काही आरडाओरडा केला की काकूंचे दोन टाके सुटले.

बाबांच्या मागे दोरी बांधली गेली तेव्हा बाहेर एकच गाडी राहिली होती, निळ्या तंबूतली. एकसारख्या शर्टांतले दोघे मेकॅनिक बॅटरी घेऊन पालथे पडून पळालेला स्पेसर शोधत होते, आणि डॉक्टर हेल्मेट काखेत धरून उभे होते. शर्यत संपेपर्यंत तो सापडला नाही. नंतर भिंगरीने आपली फळी उचलली तर तिच्या तिरक्या पोटाखाली तो मजेत बसला होता. तिने तो धुऊन नेऊन दिला.

"डॉक्टर, हा तुमचा."

डॉक्टरांनी स्पेसरकडे पाहिलं, तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं, आणि अगदी दाढ काढायच्या आधी बोलतात तशा मऊ आवाजात विचारलं, "पुढच्या हंगामात आमच्याकडे येशील? मागच्या चाकाला?"

शर्यतीत बाबा शेवटून पहिले आले. पण आले. सेक्रेटरीने हात मिळवला आणि पुढच्या हंगामातली त्यांची जागा कायम असल्याचं सांगितलं. परतीच्या वाटेवर टेम्पोत ते प्रत्येक वळणाचं वर्णन करत होते, आणि त्यात काही वळणं मुळात ट्रॅकवर नव्हती.

घरी मात्र वळणांबद्दल कुणी विचारेना. सर म्हणाले, "काय हात चालतो पोरीचा!" काकू म्हणाल्या, "तो पेचकस घातला ना, तिथे माझं काळीज थांबलं." चेअरमन म्हणाले, "मी उठलो नसतो तर..." बाबा मधे मधे "आणि मी त्या उतारावर..." असं सुरू करून बघत होते. मग सगळे गेले. आई म्हणाली, "डॉक्टरांनी मला निघताना सांगितलं. मी म्हटलं, तिलाच विचारा."

"त्यांनी तिला विचारलंय," बाबा म्हणाले. ते खुर्चीत बसून रिकामा कप फिरवत होते. "माझ्या घरात शिकली. माझ्या कपाटाच्या फळीवर शिकली."

"माझ्या," आई म्हणाली.

"आता शत्रूच्या तंबूत जाणार. जा. मी अडवणार नाही. मी कोण अडवणारा? मी तर ब्रेक दाबून बसणारा माणूस."

"अगं, काहीतरी बोल," आई भिंगरीला म्हणाली. "मला उद्या दोन्हीकडे तोंड दाखवायचंय."

भिंगरीने नखांतलं काळं पुसायचं थांबवलं आणि ती दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मी डॉक्टरांना हो सांगणार आहे," ती म्हणाली.

बाबांनी कप खाली ठेवला.

"आधी तुमचं चाक बदलीन, मग त्यांचं. दोन्ही गाड्यांचं पुढचं आणि मागचं. तुम्ही नुसतं गाडीवर बसून राहायचं, बाबा, आणि कशालाही हात लावायचा नाही. त्यांनाही हेच सांगणार आहे." आणि शेवटचा शब्द ठासून ती म्हणाली, "मला वेळ उरतो."